नल्ला आला

मी काळा आहे. हे मी कुठल्याही तक्रारीशिवाय सांगतो. तक्रार असायची ती मुलीकडच्यांची.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि नव्या कचेरीत मी कायम कारकून म्हणून चिकटलो होतो. जिल्हा नवा, टेबल नवं, रंग तेवढा जुना. चार ठिकाणांहून 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप आला होता (पत्रिका दाखवलीच नव्हती). मग देगलूरचं स्थळ आलं. फोटोतली मुलगी मला इतकी आवडली, की मी घाबरलोच. त्यात मामांनी बजावलं, हेही गेलं तर पुढचं तुझं तू बघ.

देगलुरात तेलुगू चालतं, म्हणून मी कचेरीतल्या एका तेलुगू सहकाऱ्याकडून तयारी केली. 'काळा'ला काय म्हणतात ते आधी विचारून घेतलं. 'नल्ला,' तो म्हणाला. आपल्याबद्दल काय बोललं जातंय ते कळलेलं बरं.

दुष्काळाचं वर्ष. मुलीच्या घरी पोहे भरपूर, पाण्याचा पेला मात्र दोघांत एक (तो मामांनी संपवला). तेवढ्यात परसातून बायकी आवाज आला, "नल्ला आला!"

मुलीचे वडील स्वतःची बशी माझ्या हातात देऊन आत पळाले. पाठोपाठ सगळं घर. मी मामांकडे पाहिलं. मामा पोहे खात होते.

"लई बारीक हाय की गं," आतून कुणीतरी म्हणालं. त्या काळी मी बारीकच होतो.

"थांब वाईच, जोर धरंल."

"कशाचा जोर? नुसती हवा सोडून राहिलाय."

"असू दे. आलाय तवर घ्या पदरात पाडून, न्हाईतर जाईल तसाच."

हे फार झालं. मामा 'बस, बस' म्हणत असताना मी उठलो आणि दोन्ही बशांसकट परसात जाऊन उभा राहिलो. काळा म्हणा, बारीक म्हणा, पण हवा म्हणायचं कारण नाही, असं सुनावलं. कुणाला कळलं नसेल म्हणून छाती पुढे काढून त्यांच्याच भाषेत सांगितलं, "हो, मीच तो नल्ला!"

कोपऱ्यात एक नळ करंगळीएवढा वाहत होता आणि त्याखाली घागर धरून मुलगी बसली होती.

"साहेब," तिचे वडील हळूच म्हणाले, "नल्ला म्हंजी नळ."

आपला नळ हैदराबादेच्या उर्दूतून फिरून देगलुरात येताना नल्ला झाला होता. एवढ्यावर भागलं असतं. पण मुलीच्या काकू उदगीरच्या, माहेर कानडी. त्यांनी पदर तोंडाला लावला. "आमच्या कानडीत नल्ल म्हंजी जिवलग. हे तर पोरीसमोर आत्ताच सांगून राहिलेत!"

माझ्या काळ्या चेहऱ्यावरही लाली दिसली असावी. तेवढ्यात घागर काठोकाठ भरली. मुलगी बोलली.

"कोन का असंना. ही भरली, ती दुसरी घागर सरकवा."

मी बशा खाली ठेवल्या आणि सरकवली. मग तिसरी. मग रांजण. मामा हात पुसत आले, तेव्हा मी पँट दुमडून, खांद्यावर घागर घेऊन उभा होतो. वडील त्यांना म्हणाले, "रंगाचं काय घेऊन बसता? पोरगा पसंत हाय आम्हाला." मला इतका आनंद झाला, की मी शेजाऱ्यांचंही पाणी भरलं असतं.

बाकीचे पुरुष लग्न झाल्यावर बायकोपुढे पाणी भरतात. मी मुलगी बघायला गेलो तेव्हाच भरून मोकळा झालो.