लेकीचे दोन पळस

माझ्या नवऱ्याचे पुढचे तीन दात लाखेनं नेले. थट्टा नाही करत. गोंदियाच्या एका लाखेच्या कारखान्यात तो चपडा ताणायचा. वितळलेल्या लाखेचा गरम थर दोन्ही हातांत, दोन्ही पायांच्या बोटांत आणि वरची कड दातांत धरायची, आणि भट्टीपुढे अंग मागे टाकत टाकत त्याचा माणसाएवढा पातळ पापुद्रा करायचा, हे त्याचं काम. त्याच भट्टीवर मी पिशवी पिळायचे. लांबलचक कापडी पिशवी, आत धुऊन वाळवलेली लाख. एक टोक विस्तवाजवळ एका छत्तीसगडी कारीगराच्या हातात, दुसरं माझ्या. मी पिळायचे, लाख कापडातून पाझरायची, तो खरवडून घ्यायचा. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हेच. उन्हाळ्यातसुद्धा हेच. लोक म्हणतात जुने दिवस चांगले होते. असतील बापा. मला तरी त्या दिवसांचा फक्त शीण आठवतो.

माहेर कामठ्याकडचं. धानाच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आमचे नऊ पळस होते. त्यांच्यावर लाख लावायची. लाखेचे किडे असलेल्या काड्या फांद्यांना बांधायच्या, किडे फांदीभर पसरायचे, आणि जेठात फांद्यांवरची लाख खरवडून काढायची. पण सगळी कधी काढायची नाही, पुढच्या सालाचं बी झाडावर ठेवायचं. बापानं जाताना विहिरीकडचे दोन पळस माझ्या नावानं सांगून ठेवले होते. "हे बाईचे," एवढंच म्हणाला. कागद नाही, साक्षीदार नाही. पण धाकट्या भावानं तो शब्द पाळला. लाख आणून तो आमच्याच कारखान्यात विकायचा आणि माझ्या दोन झाडांच्या पैशाचं भाऊबीजेला लुगडं आणायचा. दरवर्षी हिरवंच. त्याला दुसरा रंगच सुचत नसे. मी दरवर्षी नाक मुरडायचे, आणि दरवर्षी नेसून आळीभर मिरवून यायचे. माझं माहेर म्हणजे तेवढंच उरलं होतं, दोन झाडं आणि एक लुगडं.

देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. एक दिवस कलकत्त्याकडून मालगाडीनं वेगळीच पोती आली. कारखान्याचे मुनीमजी म्हणाले, सयाम देशाची लाख आहे, जहाजानं आली. ते रोज पेपर वाचायचे आणि आम्हाला ऐकवायचे. "अब एशिया के सब देश आपस में व्यापार बढ़ाएँगे. पड़ोसी है, पड़ोसी का माल लेना चाहिए." मी मनात म्हटलं, शेजारणीकडून ताक आलं म्हणून कोणी आपली गाय विकते का? पण मुनीमजीला कोण बोलणार!

ती लाख महाहट्टी निघाली. ताणायला गेलं की मधोमध भोक. फाटलेला पापुद्रा पुन्हा पिशवीत, पुन्हा विस्तव, पुन्हा पीळ. आपल्या पळसाची लाख निम्मी मिसळली की मात्र गुमान ताणली जायची. म्हणून तर कारखाना आपल्याकडच्या शेतकऱ्यांची लाख घेत होता. ही गोष्ट तेव्हाच माझ्या डोक्यात शिरायला पाहिजे होती. नाही शिरली.

भादव्यात आपली लाख संपली. नुसती सयामची आली. त्या दिवशी दुपारपर्यंत एक पापुद्रा धड निघाला नाही. नवऱ्याचे ओठ भाजलेले, माझे खांदे गळून आलेले. धड माल निघाल्याशिवाय सुट्टी नाही. मला अक्कल दाखवायची नव्हती हो, मला फक्त घरी जाऊन पडायचं होतं. चार वर्षं पिशवी पिळून हाताला एक कळत होतं, ही लाख घाई केली की चिडते. मी कारीगराला म्हटलं, "पिशवी विस्तवापासून हातभर मांगं घे. मी हळू पिळतो."

"काऊन?" नवरा खेकसला.

"काऊन-बिऊन नको इचारू. करून तं पाह्य."

मंद आचेवर वेळ लागला, पण लाख मऊ उतरली. नवऱ्यानं दातात धरली, मागे झुकला, आणि पापुद्रा उघडत गेला. एक भोक नाही. आम्ही तिघं एकमेकांकडे पाहतच राहिलो. मुनीमजी धावत आले. "बाई, तूने तो कमाल कर दिया!" माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि मला प्रत्येक भट्टीवर नेऊन सगळ्यांना तसंच शिकवायला लावलं. मी फुगले. खोटं कशाला बोलू? आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्याकडून काही शिकत होतं.

पुढच्या जेठात भाऊ लाखेची बैलबंडी घेऊन फाटकाशी आला. मी पाणी प्यायला बाहेर आले होते. मुनीमजींनी पोत्याचं तोंडसुद्धा उघडलं नाही. "अब इधर का माल नहीं चाहिए. सयाम का सस्ता है, अब अकेला चल जाता है."

अकेला चल जाता है. मीच चालवून दिलं होतं. भावानं बैल वळवले. माझ्याकडे पाहून हसला, जसा काही दोषी तोच होता. मी आत जाऊन पिशवी धरली. दुसरं काय करणार?

माझी युक्ती दुसऱ्या कारखान्यांतही पोचली, तिथंही तीच गत झाली. त्या भाऊबीजेला मी लुगड्याची आशाच धरली नव्हती. तो आला, काखेत हिरवं लुगडं.

"कायले आणलं रे?"

"भाऊबीज हाये ना, बाई." लुगडं माझ्या हातात दिलं. मग कोळशाचं बोलला, "तुमच्या कारखान्याले कोरसा पाह्यजे म्हणते. पळस तोडून कोरसा पाडून रायलो. सात झाले. तुये दोन तसेच हायेत. तुले इचारल्याबिगर कसा हात लावू?"

सांगून टाकावं असं तोंडाशी आलं होतं. तुझी लाख मी बंद केली रे भाऊ, थकले होते म्हणून. पण त्याचे हात पाहिले, कुऱ्हाडीनं फोड आलेले, आणि जीभ उचलली नाही. उलट त्याच्यावरच खेकसले, "लाख कोणी घेत नाई तं झाडं काय आरती ओवाराले ठेवतं? तोड."

"पाह्य बरं. मंग मले बोलशीन."

"तोड म्हटलं ना!"

तो गेल्यावर चुलीपुढे बसून रडले. पळस बुडख्यातून पुन्हा फुटतो, मेलं लाकूड नाही ते. पण लाख लावलीच नाही तर फुटून काय उपयोग?

माघात त्याची कोळशाची बंडी आली, माझे दोन पळसही त्यातच. पळसाच्या कोळशाची आच मवाळ. मुनीमजी खूश झाले, सयामच्या लाखेला असाच कोळसा पाहिजे म्हणाले. त्या दिवशी आमच्या भट्टीवर तोच कोळसा होता आणि एकही पापुद्रा फाटला नाही. नवरा दातातली कड सोडून म्हणाला, "आज कशी सुदी चालली लाख!" मी पिशवी पिळत राहिले. डोळ्यांना पाणी आलं तर भट्टीपुढे कोणी विचारत नाही, तेवढीच सोय.

संध्याकाळी भाऊ रिकामी बंडी घेऊन फाटकाशी माझी वाट पाहत उभा होता.

"बाई, कोरसा बरा हाये ना?"

"चांगला हाये," मी म्हणाले.

त्यानंतर तो पुष्कळ वर्षं जगला आणि दर भाऊबीजेला हिरवं लुगडं आणत राहिला. सयामची लाख ताणायला मीच शिकवलं, हे मी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही.