मधल्या नळ्यांपर्यंत पाणी

ढोकीला कारखान्याच्या रस्त्यावर माझं चहाचं हॉटेल आहे. गाळपाच्या दिवसांत एका दुपारी एक पाहुणा चहाला थांबला. अणुभट्टीवर संशोधन करतो म्हणाला. चहा तसाच सोडून तो समोर उभ्या ट्रॉलीतल्या उसाच्या फटींत बोट घालून बघायला लागला.

"काय हरवलं का, साहेब?" ट्रॉलीवाल्यानं विचारलं.

"नाही. आमच्या भट्टीत इंधनाच्या नळ्या अशाच खेटून असतात. पाइप फुटून त्यांना गार ठेवणारं पाणी गेलं, तर भट्टी बंद केली तरी त्या तापतच राहतात. नवं सोडलेलं पाणी मधल्या नळ्यांपर्यंत वेळेत पोचायला पाहिजे."

"मग जरा ढिल्या बसवा की."

"तुम्ही ऊस ढिला भरता का?"

"तशी खेप परवडत न्हाय."

"आमचंही तेच आहे."

मग त्यानं माझ्या टेबलावरचा पाण्याचा जग उचलला आणि उसावर हळूहळू ओतला. पाणी बाहेरच्या बाहेर ओघळून रस्त्यावर आलं. त्यानं मधल्या फटीत बोट घातलं. ते कोरडंच बाहेर आलं. तरी त्यानं ते रुमालाला पुसलं.

"आणखी एक जग मिळेल का?"

आमच्याकडं पाणी टँकरचं. कुणी पेलाभर सांडलं तरी मी बोलतो. त्या माणसाला मी जग काठोकाठ भरून दिला.