भरतातली दुसरी मूठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. नवरा शेवटचा आजारी होता तेव्हा दोन-तीनदा तोंडाशी आलं, पण मी त्याला पाणी पाजलं आणि उठले. तुम्ही ओळखीचे नाही. तुमच्यापाशी जमेल कदाचित — बघते.

मी पानात वरून मीठ घेत नाही. सून नवी होती तेव्हा तिनं रीतीप्रमाणं ताटात डाव्या हाताला मीठ वाढलं, तर मी ताटच सरकवलं. बिचारी घाबरली. हल्ली डॉक्टर कौतुक करतात, आजी शहाण्या आहेत म्हणतात, या वयात रक्तदाब जागेवर आहे म्हणतात. शहाणी! मी ऐकून घेते. दुसरं काय सांगू त्यांना?

आमचं गाव अणदूरपासून दीड कोसावर. बहात्तरच्या दुष्काळात माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, मुलगा आठ महिन्यांचा होता. घरात सासू-सासरे, थोरले दीर, नवरा आणि आम्ही दोघी जावा. थोरलीला मी अक्का म्हणायचे. तिला मूलबाळ नव्हतं. बोलायची कमी, पण हाताला चव अशी की नुसत्या पिठल्यावर माणसं दोन भाकरी जास्त खायची. घरात जास्तीच्या भाकरी नव्हत्या, ही गोष्ट वेगळी.

आणि मी? सासूबाई चारचौघांत म्हणायच्या, "धाकटी मीठ घालती का मिठाला घाबरती?" बाया हसायच्या. मीही हसायचे. आतून मात्र जळायचे.

म्हणून चूल अक्काकडं आणि दुष्काळी काम माझ्याकडं. नवरा, दीर आणि मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो. मुलाला बाभळीला लुगड्याची झोळी बांधून ठेवायचे. बाभळीची सावली ती केवढी! सूर्य सरकला की झोळी सरकवायची. पुढं जे केलं ते पोरासाठी केलं असं म्हणता येईल मला. पण मी ते म्हणणार नाही — त्या दिवशी पोर माझ्या मनातही नव्हतं.

तो दिवस चंपाषष्ठीचा. आमच्याकडं खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो, तोवर चार महिने घरात वांगं आणत नाहीत. त्या साली वांगी कुठून असणार? सासऱ्यांनी एका ओळखीच्या विहिरीवरून पाच वांगी मागून आणली, पंच्यात बांधून, अंडी आणावीत तशी. अक्कानं ती भाजली, ठेचली, मीठ घातलं. नैवेद्याची चव बघायची नसते, हे तुम्हाला ठाऊक असेल. देवाच्या आधी जिभेला लावायचं नाही, मीठ घालायचं ते अंदाजानं. अक्काचा अंदाज कधी चुकला नव्हता.

तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. ती घागर घेऊन पळाली आणि जाता जाता मला म्हणाली, "एवढं झाकून ठेव गं."

मी झाकलं. त्याआधी मिठाच्या मडक्यात हात घातला. एक मूठ. खडे-मीठ होतं, विरघळावं म्हणून मी ते बोटांनी चांगलं कालवलं — रागाच्या भरात झालं म्हणावं तर एवढा वेळ लागला असता का?

नैवेद्य झाला. पहिला घास सासऱ्यांनी घेतला आणि ते थांबले. देवाचा प्रसाद थुंकता येत नाही, टाकताही येत नाही. सगळ्यांनी तो खाल्ला. घरात अडीच घागरी पाणी, दुसऱ्या दिवसापर्यंत टँकर नाही, आणि सगळे घोट मोजत खात होते. मीही खाल्ला.

सासूबाई अक्काला म्हणाल्या, "देवाच्या ताटात असलं वाढलंस? म्हणून तर त्यो तुला काय दिईना." अक्का एवढंच म्हणाली, "म्या एकडावच घातलं हुतं, आत्याबाई." तिनं माझ्याकडं बघितलं का? मला माहीत नाही. मी पोराला पाजायला वळले होते.

दुसऱ्या दिवशी चूल माझ्याकडं आली आणि अक्का खडी फोडायला गेली. एवढंच असतं तर कदाचित मी हे सांगितलंही नसतं. पण तिनं देवापुढं मीठ सोडलं. पुढच्या चंपाषष्ठीपर्यंत अळणी खाईन, असा नेम केला. आपलंच चुकलं असेल, असं तिला खरंच वाटलं होतं. आणि तिचं अळणी कालवण वेगळं करायचं काम कुणाकडं आलं? माझ्याकडं. दोन्ही वेळा मी तिच्या वाटणीचं बाजूला काढायचे आणि मग उरलेल्यात मीठ टाकायचे.

चैत्र लागला. तिच्या पायांत गोळे यायला लागले. कामावरून आली की भिंतीला धरून बसायची, डोकं दुखतं म्हणायची. तिची चोळी मी धुवायचे. पाठीवर घामाचे पांढरे डाग असायचे, हाताला खरखरीत लागायचे. अंगातलं मीठ असं बाहेर पडत होतं आणि आत कणभर जात नव्हतं. मी अडाणी होते, पण इतकी नाही. आमच्या घरी उन्हाळ्यात बैलालासुद्धा मीठ चाटवायचे.

एक वाक्य लागत होतं. "अक्का, दुसरी मूठ माझी." रोज भाकरी थापताना मी ते जुळवायचे. ती आली की, "हातपाय धुवा," म्हणायचे.

वैशाखात एका दुपारी ती खडीच्या ढिगावरच पडली. कामावरच्या ट्रकमधून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईमाणूस हवं, म्हणून मी बरोबर. ती डोळे उघडायची, पण ओळखत नव्हती. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला नीट विचारलं — हिचं खाणंपिणं कसं आहे? उपास-तापास काही? काही सोडलंय का?

आता सांगते. भरतातली मूठ ही माझी चूक होती असं मी इतकी वर्षं स्वतःशी म्हणत आले, कारण ती सोसवते. खरी गोष्ट ही आहे. मी म्हणाले, "न्हाय. आमी खातो तेच खाती."

का? मीठ सोडलंय म्हटलं असतं तर का सोडलं, हे विचारलं असतं. दाराशी दीर उभे होते. तेवढ्यासाठी. डॉक्टरांनी उन्हाचा झटका समजून जे करायचं ते केलं. पहाटे अक्का गेली. मी खरं बोलले असते तर वाचली असती का, हे मी कधीच कुणाला विचारलं नाही. विचारता आलं असतं.

पुढच्या चंपाषष्ठीला पाऊसपाणी बरं होतं, वांगी घरची होती. भरीत मी केलं. चव न बघता मीठ घातलं, एकदाच. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि मान डोलावली. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "अगदी थोरलीच्या हातचं झालंय."

मी त्यांना विचारलं, "आनखी वाढू का?"