आईच्या काढ्याबद्दल शेवटी विचारलं

आधीच सॉरी बोलते... माझं टायपिंग लय स्लो आहे आणि शुद्धलेखन चुकणारच. नववीत शाळा सोडली, लिहायची सवय गेली. समजून वाचा.

मंगळवारी आईला घेऊन एकटीच डॉक्टरांकडे गेले. नेहमी बाबा येतात, बोलायचं काम त्यांचं. पण त्यांचा टेम्पो माल घेऊन नाशिकला गेलेला, आणि ही तारीख चुकली तर पुढची महिन्याने मिळते.

माझी आई सेहेचाळीस वर्षांची आहे. विसरायचा आजार असतो ना म्हाताऱ्या माणसांना, तो तिला लवकर झाला. आधी गॅस बंद करायला विसरायची, मग इथे वळ गावात आमच्याच गल्लीत घर शोधत फिरायला लागली... शाळा मी त्यामुळेच सोडली. आता सकाळी तिला बघते आणि दुपारी गोडाऊनला पॅकिंगच्या ड्युटीवर जाते, तेव्हा शेजारची काकी तिच्याजवळ बसते.

काकीच बोलली होती, तिची इम्युनिटी वाढव. कोरोनापासून हा शब्द आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. मग मी रोज सकाळी काढा करायला लागले... हळद, आलं, तुळस, मिरी. दीड वर्ष, एक दिवस खाडा नाही. "तिखट हाय गो," बोलायची आई, तरी प्यायची.

मागच्या महिन्यात गोडाऊनला संध्याकाळी जेवणाच्या सुट्टीत एक व्हिडिओ बघितला. मेंदूत इम्युनिटीच्या वेगळ्या पेशी असतात म्हणे. वॉचमन पण त्याच, सफाईवाल्या पण त्याच. ह्या आजारात त्या बिथरतात आणि थांबतच नाहीत... कचऱ्याबरोबर मेंदूतल्या चांगल्या जोडण्या पण खाऊन टाकतात.

चार वेळा बघितला. डबा तसाच राहिला. आईचं डोकं जे खातंय त्यालाच मी रोज सकाळी ताकद देत होते, एवढंच डोक्यात फिरत होतं.

काढा बंद केला. कोणाला सांगितलं नाही. बाबांना काय सांगणार, की मीच आईला... 

आई मात्र सकाळी ओट्याजवळ येऊन हात पुढे करायची. माझं नाव तिला हल्ली येत नाही. कप आठवतो. मी नुसतं गरम पाणी द्यायचे, आणि ती कपात बघत बसायची.

डॉक्टरांसमोर माझं तोंड उघडणार नाही हे माहीत होतं, म्हणून प्रश्न मोबाईलमध्ये लिहून नेलेला. 'मी आईला दीड वर्ष इम्युनिटीचा काढा दिला. त्यानेच वाढलं का.' बाहेर नंबर येईपर्यंत किती वेळा पुसला आणि परत लिहिला. आत गेल्यावर मोबाईल सरळ डॉक्टर मॅडमच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी वाचलं. काढ्यात काय काय घालते ते विचारलं. मी सांगितलं तर हसल्या नाहीत.

"इम्युनिटी म्हणजे एक टाकी नाही गं, वरून ओतलं आणि डोक्यात भरलं," त्या बोलल्या. "तुझ्या काढ्याने त्या पेशी बिथरल्या नाहीत. तू काहीच वाईट केलेलं नाहीस."

"म्हणजे... बंद करून पण ती बरी नाही होणार?"

"नाही," त्या बोलल्या. त्या पेशींना शांत करायचं औषध शोधतायत लोक, पण आज आईला देता येईल असं त्यांच्याकडे काही नाही.

मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं ना? पण महिनाभर मी हेच धरून बसलेले, की चूक माझी आहे, मी थांबले की आई हळूहळू परत येईल. माझीच चूक असती तर बरं झालं असतं... आता थांबवायला पण काही नाही.

मी फाईल गोळा करत होते तेव्हा आई मॅडमना बोलली, "पोर गुनाची हाय. कोनाची हो?"

"तुमचीच आहे," मॅडम बोलल्या.

आईला वाटलं त्या चेष्टा करतायत. हसली. "माझी एवढी मोठी न्हाय," बोलली, "माझी शाळंत जाते."

मॅडमनी खाली बघून कायतरी लिहायला घेतलं. रिक्षात मी आईचा हात धरून बसले आणि तिने धरू दिला... ओळख नसलेल्या मुलीला देतात तसा.

काढा परत चालू केलाय. उपयोग नाही हे माहीत आहे.

मॅडमना थँक्यू. त्यांनी मला जास्त बोलायला लावलं नाही आणि खोटं पण सांगितलं नाही. तुमच्या घरी असं कोण असेल आणि तुम्ही मनात स्वतःला दोष देत असाल, तर जाऊन विचारा. विचारून बरं वाटेलच असं नाही.

थांबते... आत्ताच मामाचा फोन आला. म्हैस व्याली, पारडी झाली. उद्या आईसाठी खरवसाचा चीक पाठवतोय.