शेऱ्याचा रकाना

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी सारसोळ्याच्या माझ्या घरमालक मामांचं नाव घेतो. आणि उभ्या नवी मुंबईत पुस्तकांकडे इतक्या संशयानं पाहणारा दुसरा माणूस नसेल, हेही सांगतो. बेलापूरच्या एका कचेरीत नोंदणी कारकून म्हणून निवृत्त झालेल्या मामांनी संगणकावर हजारेक ई-पुस्तकांची लायब्ररी केली होती. प्रत्येक पुस्तकाबरोबर नाव, लेखक, साल, विषय अशी माहिती येते. ती मामांना कधीच मान्य नसे. प्रकाशनाचं साल खोडून ते पुस्तक आपल्या घरात आलं ती तारीख घालत. विषयाच्या रकान्यात कादंबरी, इतिहास असलं काही नाही. तिथे 'जेवल्यावर', 'ताप असताना', 'उसना दिला तर परत येत नाय' असे त्यांचे प्रकार. ई-पुस्तक कोणाला दिलं तरी आपली प्रत आपल्याकडेच राहते, हे मी एकदा सांगून पाहिलं. मामा म्हणाले, "आपल्याकडं राहिला म्हनून काय झाला मास्तर? त्यानं परत द्यायला नको?" आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून मी 'मास्तर'. खेड्यातल्या शाळेतून आलेल्या मला तीन वर्षांत एकही संदर्भग्रंथ शोधत फिरावं लागलं नाही. सगळे मामांकडे निघाले, फक्त भलत्याच विषयाखाली.

पण लायब्ररीचा खरा जीव शेवटच्या रकान्यात होता. पुस्तकाचा परिचय जिथे असतो, तिथे मामा मामींचे शेरे लिहीत. मामी चौथी शिकलेल्या. आधी मामाच त्यांना वाचून दाखवत. पुढे टॅब आणला, त्यात अक्षरं एवढी मोठी केली की पानावर सहा ओळी मावत. पुस्तक संपलं की मामी निकाल देत. "यातली सून जेवते कधी?" किंवा "शेवट घाईत उरकलाय. पाहुने आले असतील लिवनाऱ्याकडं." मामा ते अक्षरशः टाइप करत. तरी मामींचा विश्वास नसे. "तुमच्या मशीनवर नको, माज्यात दाखवा," म्हणत. मग मामा तेच पुस्तक शेऱ्यासकट पुन्हा टॅबमध्ये पाठवत, आणि मामी चष्मा लावून स्वतःचं वाक्य तपासत.

मी दुसऱ्या वर्षाला असताना मामी गेल्या. त्यानंतर मामांनी पुस्तकं वाचणं सोडलं. रोज सकाळी लायब्ररी उघडून ते फक्त तो रकाना वाचत.

तिसऱ्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मामा आठ दिवस खारघरला मुलीकडे गेले. किल्ली माझ्याकडे होती. उपकार थोडे तरी फेडावेत म्हणून मी लायब्ररी नीट लावायला घेतली. सॉफ्टवेअरला सांगितलं तर ते इंटरनेटवरून पुस्तकांची माहिती आणतं. ते फक्त रिकामे रकाने भरेल, असं मी धरून चाललो. सगळी पुस्तकं एकदम निवडली आणि माहिती अद्ययावत करण्याचं बटण दाबलं. चहा पिऊन आलो तर सालं बरोबर, विषय बरोबर, मुखपृष्ठं चकाचक. आणि 'यातली सून जेवते कधी?' होतं तिथे 'मानवी नात्यांचा हृदयस्पर्शी वेध घेणारी कादंबरी'. जी थोडी पुस्तकं इंटरनेटला ठाऊकच नव्हती, तेवढी बचावली.

मामा काळा चष्मा लावून परतले. डोळा उघडायची परवानगी मिळाल्यावर आधी संगणकापुढे बसले. मी दारात उभा होतो. बराच वेळ ते एकेक पुस्तक उघडत राहिले. मग म्हणाले, "मीच कायतरी दाबला असनार. डोळा धड नव्हता, तरी जायच्या आदल्या दिशी बसलो." संगणकावर त्यांनी टॉवेल टाकला. तो पुन्हा काढलेला मी पाहिला नाही. माझ्या पदवीदानाला आईवडील येऊ शकले नाहीत. शेजारच्या खुर्चीत मामा बसले होते.

आता मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला आहे. तिथे मला कळलं, की सॉफ्टवेअर पुस्तकांची माहिती आपल्या वेगळ्या यादीत ठेवतं. पण पुस्तक दुसऱ्या यंत्रावर पाठवलं की ती माहिती त्या प्रतीच्या आतही लिहिली जाते. मी खारघर गाठलं. मामींचा टॅब मुलीकडे होता. तिला सगळं सांगितलं. टॅब माझ्या हातात देत ती म्हणाली, "बाबांना तूच सांग. मी नाय सांगनार."

म्हणून हे पत्र पाठवलं:

ती. मामांना सा. न.

लायब्ररी तुम्ही बिघडवली नाही. तुम्ही खारघरला होता तेव्हा ते बटण मी दाबलं. तुम्ही स्वतःला दोष दिलात तेव्हा मी दारात होतो आणि गप्प राहिलो. पदवीदानाच्या दिवशीही गप्प राहिलो.

सोबत पेनड्राइव्ह आहे. मामींच्या टॅबमधून त्र्याऐंशी शेरे मिळाले, जसेच्या तसे. टॅब येण्याआधीचे बहुतेक गेले. त्यातले काही मला आठवतात असं वाटतं, पण मी ते भरलेले नाहीत. माझ्या आठवणीत मामींचा एखादा शब्द माझा झाला असेल. तुमच्या संगणकावर तिथे आलेली जाहिरात तेवढी पुसू. ते रकाने रिकामे ठेवू.

रविवारी सकाळी येतो. तुम्हाला आठवत असतील ते सांगा, मी टाइप करीन. माझ्याशी बोलायचं नसेल तर दार उघडू नका. मी थोडा वेळ जिन्यात बसेन आणि जाईन.