बोर्डावरचं बोलावणं

निवेदिता पोतनीस थकली होती आणि हे ती कुणाला सांगत नव्हती. सांगायचं तरी कुणाला? मन मोकळं करावं अशा बायका ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पुष्कळ होत्या, पण त्यांच्याच घरांचे जिने चढून-उतरून तर तिचे गुडघे कामातून गेले होते.

तसं तिचं पोटापाण्याचं काम बसून करायचं होतं. दाना ओली या गल्लीतल्या घरी, मधल्या खोलीत, शिलाई मशीनच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ती गुरुग्रामच्या एका कंपनीची कामं सांभाळायची. कंपनीचं प्रत्येक काम एका बोर्डावर कार्ड होऊन लागलेलं असे. कुणाकडे आहे, कुठवर आलंय, कुठे अडलंय, सगळं त्यावर दिसे. कार्ड एका रकान्यातून पुढच्या रकान्यात गेलं की कुणाला तरी कळवायचं, कुणाला आठवण करायची, त्यानं उत्तर दिलं नाही तर गोड बोलून पुन्हा विचारायचं. हे कळवणं आणि विचारणं निवेदिताकडे होतं. माणसं कामं करत आणि निवेदिता माणसांच्या मागे लागे.

यंदा माघात कंपनीनं तिला सांगितलं, हा बोर्ड आपोआप कामं करणाऱ्या एका यंत्रणेला जोडून टाका. ‘हे झालं की ते कर’ एवढं यंत्रणेला एकदा शिकवून ठेवायचं, मग कळवणं तिचं ती बघते. पन्नाशीला टेकलेल्या बाईला हे सांगणं सोपं आणि करणं कठीण. निवेदितानं व्हिडिओ बघितले, पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीला, यशश्रीला, फोन करकरून पिडलं. बोर्डाची परवानगी यंत्रणेला मिळेना, मिळाली तर भलत्याच माणसाला मेल जाई. घोडं कुठे पेंड खातंय ते शोधण्यात तिचा अख्खा फाल्गुन गेला. आणि मग एका दुपारी तिनं कार्ड सरकवलं आणि मेल आपला आपण निघून गेला. घरात कुणी नव्हतं, तरी तिनं टाळ्या वाजवल्या.

तेव्हाच तिच्या मनात चैत्र आला.

चैत्रातलं महिला मंडळाचं हळदीकुंकू म्हणजे इथल्या मराठी बायकांचा मोठा दिवस. झोपाळ्यात गौर, समोर आरास, आंब्याची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे. हे सगळं करायला हात भरपूर होते. एकच काम कुणी मागून घेत नसे, ते म्हणजे बोलावणं करायचं. हातात हळदीकुंकवाचा करंडा घेऊन दारोदार जायचं, घरच्या बाईला कुंकू लावायचं आणि म्हणायचं, ‘पाच वाजता या हं.’ ऐकायला दोन मिनिटांचं काम. पण बाई दारातून थोडीच सोडते? पाणी, चहा, सुनेचं गाऱ्हाणं, पाठदुखी, अमेरिकेतल्या नातवाचे फोटो. वर ग्वाल्हेरची एप्रिलातली भाजून काढणारी लू. पूर्वी हे काम निवेदिताच्या सासूबाई, सरोजिनीबाई, करत. त्या गेल्या त्या वर्षी मंडळाच्या अध्यक्ष मंदाताईंनी करंडा निवेदिताच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “आता तूच गं, तुमच्या घरची रीतच आहे.” रीत म्हटलं की नाही म्हणायची सोय उरत नाही. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत झाली. ती दर वर्षी जात राहिली. आधी पाय दुखत, मग गुडघे, आणि अलीकडे तर करंडा बघितला तरी तिला रडू यायचं.

या वर्षी डॉक्टरांनी जिने बंद केले. तिनं ठरवलं, यंदा नाही जायचं. कंपनीच्या कामाला जमतं ते मंडळाच्या कामाला का जमू नये?

“आई, कर ना यार ऑटोमेट, इतना क्या सोचना,” यशश्री फोनवर म्हणाली. “लोगों को भी तर सुविधाच होईल.”

मंदाताईंनी नाक मुरडलं, पण निवेदिताच्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघून ‘कर बाई’ म्हणाल्या. निवेदितानं मंडळासाठी वेगळा बोर्ड काढला. मंदाताईंकडून सभासदांची नावं आणि नंबर घेतले, जसेच्या तसे त्यात ओतले. बोर्ड यंत्रणेला जोडला. हळदीकुंकवाचं कार्ड ‘नक्की’ या रकान्यात गेलं की प्रत्येकीच्या फोनवर तिच्या नावानिशी निरोप जाईल अशी तजवीज केली. निरोप मात्र तिनं मन लावून लिहिला. नुसती तारीख-वेळ टाकली नाही. गौरीचं चित्र घातलं, चार ओळी जिव्हाळ्याच्या घातल्या. पुढे आणखी एक शहाणपणा केला. निरोपाला कुणी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं की तिचं नाव आपोआप ‘येणार’ या रकान्यात जावं आणि तो आकडा बघून डाळ भिजवावी. कंपनीत असंच चाले. तिथे अंगठा दाखवला की होकार धरत. पण जोडलेले हात म्हणजे होकार, हे तिनं यंत्राला शिकवलं ते चुकलंच. आपल्याकडे माणूस हात जोडून नाहीसुद्धा म्हणतो, आणि पुष्कळदा काहीच म्हणत नाही.

कार्ड सरकलं. बसल्या जागी सगळ्या लष्करात, फूलबागेपलीकडच्या फ्लॅटांत, मोरारच्या टोकापर्यंत निरोप गेले. पाठोपाठ फोन टणटणायला लागला. जोडलेले हात, गुलाब, दिवे, पुन्हा जोडलेले हात. ‘येणार’चा रकाना भरत चालला तशी ती खुर्चीत मागे रेलली. त्या दुपारी ती झोपली. चैत्रात दुपारी झोपण्याची तिची ही पहिलीच वेळ. नवऱ्यानं, हेमेंद्रनं, बँकेतून आल्यावर तिला झोपलेली बघितलं तर कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये पाच वाजता सगळं तयार होतं. कूलर घरघरत होता. डाळीचं भलंमोठं पातेलं ओल्या फडक्याखाली झाकलेलं होतं. सव्वापाच झाले. चार-पाच नव्या सुना आल्या, ज्यांना अजून इथली रीत ठाऊक नव्हती. साडेपाच झाले. सुनांनी गौरीबरोबर फोटो काढले आणि पन्हं पिऊन त्या गेल्या. मंदाताई दाराकडे बघायच्या, मग निवेदिताकडे बघायच्या. निवेदितानं पुन्हा पुन्हा बोर्ड उघडून बघितला. ‘येणार’चा रकाना तुडुंब होता. यंत्राचं काही चुकलं नव्हतं.

शेवटी तिनं खासगी बाजार मोहल्ल्यातल्या विजयाबाईंना फोन लावला. विजयाबाई म्हणजे शिंद्यांच्या फौजेतल्या जुन्या घराण्यातल्या. वय झालेलं, पण हळदीकुंकू कधी चुकवलं नव्हतं.

“काकू, निघाला नाहीत?”

“मी तर कधीची तयार होऊन बसलीये गं. तुझीच वाट बघून राहिलीये.”

“माझी? काकू, मेसेज नाही मिळाला का?”

“मिळाला ना. हातसुद्धा जोडून पाठवले. पण ती तर खबर झाली. बुलावा कुठे आला?”

निवेदितानं आणखी दोघी-तिघींना फोन लावले. सगळीकडे तेच. कुणी रागावलं नव्हतं, कुणी रुसलं नव्हतं. सगळ्या नेसून, गजरे माळून, पर्स मांडीवर घेऊन आपापल्या घरी बसल्या होत्या. निरोप आला म्हणजे दिवस कळला, आता निवेदिता येईल, कुंकू लावेल, मग निघू. न बोलावता जायचं म्हणजे हावरटपणा दिसतो. आणि निवेदिता आली नाही असं आजवर कधी झालं होतं?

तिला संताप आला. त्या बायकांचा आला, मंदाताईंचा आला, रीत नावाच्या त्या न दिसणाऱ्या बाईचा तर सगळ्यात जास्त आला. पण पातेलंभर डाळ समोर होती आणि उन्हाळ्यात कैरी-खोबऱ्याची डाळ थांबत नाही. मंदाताईंनी डबे काढले. निवेदितानं ते भरले, करंडा उचलला आणि ई-रिक्षा बोलावली.

जिना, दार, कुंकू, डबा. जिना, दार, कुंकू, डबा. प्रत्येक दारात एक नटलेली बाई हसून पुढे यायची आणि म्हणायची, “आलीस? बरं झालं. बस ना.” कुणीही तिला विचारलं नाही की इतका उशीर का. जणू उशिरा येणं हाही तिच्या येण्याचाच एक प्रकार. पायऱ्या उतरताना ती कठड्याला धरून एक-एक पाऊल खाली ठेवत होती आणि प्रत्येक पायरीला मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होती.

विजयाबाईंचं घर तिनं शेवटी ठेवलं होतं, कारण त्यांचा जिना सगळ्यात उभा. वर पोचली तेव्हा तिला बोलायला दम उरला नव्हता. विजयाबाई जरीकाठी नेसून खिडकीपाशी बसल्या होत्या. आतून त्यांच्या यजमानांनी, कान्होजीरावांनी, विचारलं, “कौन आया?” त्या म्हणाल्या, “अहो, निवेदिता आलीये. बुलावा घेऊन आलीये.”

“बुलावा कसला काकू, हळदीकुंकू संपलंसुद्धा,” निवेदिता म्हणाली आणि तिथल्याच वेताच्या मोड्यावर बसली.

विजयाबाईंनी तिला पाणी दिलं. तिच्या सुजलेल्या गुडघ्याकडे त्यांची नजर गेली. “पाय फार दुखतात का गं?”

“फार. पुढच्या वर्षी नाही होणार माझ्याच्यानं. खरंच सांगते.”

“असं नको म्हणूस. तू नाही आलीस तर आम्हाला कोण बुलावणार?” त्यांनी करंड्यातलं कुंकू बोटावर घेऊन निवेदिताच्या कपाळी लावलं. मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं. “अगं पण तुला कोण बुलावतं?”

निवेदिता आठवू लागली. लग्न होऊन ती देवासहून इथे आली तेव्हा करंडा सासूबाईंकडे होता. जिच्या घरातून बोलावणं निघतं तिच्या घरी बोलावणं करायला कोण येणार? सासूबाई गेल्या आणि करंडा तिच्याकडे आला. “मला? कुणीच नाही.”

“तेच म्हटलं,” विजयाबाई हसून म्हणाल्या. “तू तर घरचीच. घरच्याला काय बुलावा!” आणि त्यांनी डब्याचं झाकण उघडून डाळीचा वास घेतला.

निवेदिताही हसली. जिना उतरेपर्यंत तिनं ते हसू तोंडावर ठेवलं होतं.

घरी पोचली तेव्हा रात्र झाली होती. हेमेंद्रनं चहा केला. तो फार गोड झाला होता, तरी ती प्यायली. मग तिनं लॅपटॉप उघडला, मंडळाचा बोर्ड यंत्रणेपासून तोडून टाकावा आणि कानाला खडा लावावा म्हणून. तोडण्याआधी यंत्रणेनं गेलेल्या सगळ्या निरोपांची यादी आडनावांप्रमाणे समोर मांडली. ती बघता बघता ‘प’ अक्षराशी आली आणि थबकली. मंदाताईंनी दिलेली नावं तिनं जशीच्या तशी ओतली होती. त्यात तिचंही नाव होतं. तिलाही निरोप गेला होता. फोनवर आलेला तो तिनं चाचणीचा समजून न उघडताच बाजूला सारला होता.

तिनं तो आता उघडला. ‘सौ. निवेदिताताई, उद्या आपल्या मंडळात चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. आपण अगत्यानं या. आपल्यावाचून गौरीची शोभा अपुरी राहील. आम्ही वाट बघतो.’

शब्द तिचेच होते. पाठवणारीही एका अर्थी तीच. स्वतःनंच लिहिलेलं वाचून शहाण्या माणसाला रडू येऊ नये, पण तिला आलं. हेमेंद्रनं स्वयंपाकघरातून विचारलं, “काय झालं?” ती म्हणाली, “काही नाही, साखर जास्त झालीये.”

डोळे पुसून ती कामाला लागली. बोर्डावरची नावं तिनं एकेक करून काढायला घेतली. विजयाबाई काढल्या, मंदाताई काढल्या, फूलबाग काढली, मोरार काढलं. या सगळ्यांकडे तिलाच जायचं होतं, हे आता तिला पक्कं कळून चुकलं होतं. शेवटी एकच नाव उरलं. ते तिनं तसंच ठेवलं, कार्ड पुढच्या चैत्रात आपलं आपण ‘नक्की’त जाईल अशी तारीख घातली आणि बोर्ड जोडलेलाच राहू दिला.