रोवण्याच्या चालीवर इंजेक्शन

आज लेकीने नर्सिंगच्या परीक्षेच्या सरावासाठी स्पिरिटची बाटली उघडली आणि ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये मला गडचिरोलीचं आमचं नर्सिंग हॉस्टेल आठवलं.

शेवटच्या प्रात्यक्षिकाची सकाळ होती. इंजेक्शनची सगळी कृती मी क्रमवार लिहून भिंतीला चिकटवली होती. तोंडपाठ होती, तरी सिरिंज हातात घेतली की सुई थरथरायची. नापास झाले तर बाबा शिक्षण थांबवून लग्न लावणार होते.

माझ्या खोलीतली सुमन आलापल्लीकडची. धान रोवताना बाया ओळीने जे गाणं म्हणतात, ते ती खाटेवर बसून म्हणत होती. शब्द तेवढे बदललेले: हात धुवा, बाटली पुसा, हवा काढा. सुई तिच्या हातात जराही हलत नव्हती. त्या हातांचा मला इतका हेवा वाटला की मी पाठ फिरवली.

"काऊन भेतेस वं? माह्यासंग म्हण ना."

"मले गाणं येत नाई."

"मंग बस थरथरत," ती हसली आणि आवाज चढवून गाऊ लागली.

परीक्षक बाईंसमोर माझ्या ओठांत तेच गाणं आलं. हाताची थरथर थांबली. पास झाले.

पुढे वॉर्डात सगळे मला हलक्या हाताची सिस्टर म्हणायचे. तेव्हाही मनात सुमनचीच चाल असायची.

आज लेकीची सुई थरथरली तसं मी ते गाणं म्हटलं.

"मस्त आहे. तू बनवलं का?"

हो म्हणावंसं फार वाटलं.

"सुमन मावशीचं आहे," मी म्हटलं, आणि स्पिरिटच्या बाटलीचं झाकण जरा जास्तच घट्ट लावलं.